इंडियन अ‍ॅकॅडेमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स

भारतातील बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय व्यावसायिक संघटना. मुंबई व कलकत्ता (कोलकाता) येथे स्वतंत्रपणे कार्य करणाऱ्या दोन संघटनांच्या विलीनीकरणातून ती १९६३ मध्ये अस्तित्वात आली. तिचे मुख्य कार्यालय दीर्घकाळ मुंबईत होते. पुढे ते नवी मुंबईस हलविण्यात आले. सदस्यसंख्या ३०,००० हून अधिक असून राज्य, जिल्हा व शहर पातळीवर तिच्या शाखा आहेत. बालरोगविज्ञानाचे अध्यापन, संशोधन व प्रकाशन यांस चालना देणे, सदस्यांचे व्यावसायिक ज्ञान अद्ययावत ठेवणे, रोगोपचार व लसीकरण यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे तयार करणे आणि बालकांच्या आरोग्यासंबंधी शासनास सल्ला देणे ही तिची प्रमुख कार्ये होत. ही शासकीय संस्था नव्हे. तिच्या शिफारशी कोणावरही बंधनकारक नसतात; शासनाने अथवा डॉक्टरांनी त्या आपणहून स्वीकारल्या, तरच त्यांना अर्थ प्राप्त होतो.

बालरोगतज्ज्ञांची वस्ती प्रामुख्याने शहरांत आढळते. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या तालुक्यात जन्मलेल्या मुलाची तज्ज्ञाशी गाठ बहुधा पडत नाही, आणि पडते ती आजार विकोपास गेल्यावर. त्यामुळे या संघटनेचे कार्य जोखताना तिच्या परिषदा किती झाल्या यापेक्षा तिने सिद्ध केलेले ज्ञान परिचारिका, अंगणवाडी सेविका व तालुक्याचा सामान्य डॉक्टर यांच्या हाती कितपत पोहोचले, हे पाहणे अधिक उचित ठरते.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात बालरोगविज्ञान ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा मानली जात नव्हती. आजारी मुलांवर प्रौढांच्याच कक्षात, प्रौढांचेच वैद्य उपचार करीत आणि औषधाची मात्रा तेवढी कमी करीत. मूल म्हणजे प्रौढाची लहान आवृत्ती, हा समज त्यामागे होता. मुंबईत जॉर्ज कोएल्हो यांनी मुलांसाठी स्वतंत्र रुग्णविभाग व स्वतंत्र अध्यापन यांचा पाया घालण्यात पुढाकार घेतला. परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस सुरू झाले. कलकत्त्यात के. सी. चौधुरी यांनी १९३३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स हे नियतकालिक स्वतःच्या हिमतीवर काढले आणि १९५६ मध्ये तेथे बालआरोग्य संस्था स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर मुंबईत ‘असोसिएशन ऑफ पेडिअ‍ॅट्रिशियन्स ऑफ इंडिया’ व कलकत्त्यात ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक सोसायटी’ अशा दोन संघटना कार्य करीत होत्या. देशातील मूठभर बालरोगतज्ज्ञांना दोन संघटना परवडण्याजोग्या नव्हत्या. दोहोंच्या एकीकरणानंतर त्यांची नियतकालिकेही एकत्र करण्यात आली आणि जानेवारी १९६४ पासून इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स हे मासिक निघू लागले. चौधुरी यांचे मूळ नियतकालिक मात्र स्वतंत्र राहिले व आजही ते प्रसिद्ध होते.

नव्या संघटनेचा एक आग्रह दीर्घकाळ प्रलंबित राहिला. एम्‌. बी. बी. एस्‌. परीक्षेत बालरोगविज्ञानास स्वतंत्र विषयाचे स्थान नव्हते. सामान्य वैद्यकाच्या प्रश्नपत्रिकेतील एक भाग म्हणून तो तपासला जाई, व विद्यार्थी त्याकडे त्याच मापाने पाहत. खेड्यातील बहुसंख्य मुलांवर उपचार करणारा डॉक्टर हा केवळ पदवीधर असतो, हे लक्षात घेता ही उणीव किरकोळ नव्हती. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीने या विषयास अंतिम परीक्षेत स्वतंत्र स्थान दिले.

कुपोषणाची प्रतवारी : संघटनेच्या ज्या एका कामाचा परिणाम भारतातील सर्वाधिक खेड्यांपर्यंत पोहोचला, ते तिच्या पोषण उपसमितीने १९७२ मध्ये सुचविलेले कुपोषणाचे वर्गीकरण होय. मेक्सिकोतील फेडेरिको गोमेझ यांचे वर्गीकरण तेव्हा प्रचलित होते. परंतु त्याच्या निकषांनुसार भारतातील इतकी मुले कुपोषित ठरत, की तातडीची मदत कोणास द्यावी हे ठरविणे अशक्य होई. उपसमितीने वयानुसार अपेक्षित असलेल्या प्रमाण वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असलेले मूल प्राकृत मानले. ७१ ते ८० टक्के वजन असल्यास पहिली श्रेणी, ६१ ते ७० टक्क्यांस दुसरी, ५१ ते ६० टक्क्यांस तिसरी व ५० टक्के वा त्याहून कमी वजनास चौथी श्रेणी अशी मांडणी केली. अंगावर सूज असल्यास श्रेणीस ‘के’ हे अक्षर जोडावयाचे होते. कारण सुजेमुळे वजन फसवे वाढते. उदा., एक वर्षाच्या मुलाचे प्रमाण वजन सु. १० किग्रॅ. धरल्यास ६ किग्रॅ. वजनाचे मूल तिसऱ्या श्रेणीत व ५ किग्रॅ. वजनाचे चौथ्या श्रेणीत येते. यास टांगता वजनकाटा, मुलाचे वय व छापील तक्ता एवढीच सामग्री पुरते.

त्याच सुमारास महाराष्ट्र, विशेषतः मराठवाडा, १९७२-७३ च्या भीषण दुष्काळातून जात होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीतील वाढीच्या नोंदींसाठी हेच वर्गीकरण वापरात आले. ‘श्रेणी तीन’ व ‘श्रेणी चार’ हे शब्द वैद्यकाच्या पुस्तकांतून निघून शासकीय अहवाल, वृत्तपत्रे आणि विधानसभेतील प्रश्नोत्तरे यांत रुळले. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात १९९० नंतरच्या दशकात झालेल्या बालमृत्यूंची चर्चा याच परिभाषेत झाली. औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियानाचा पहिला भरही तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील मुले शोधून त्यांची संख्या घटविण्यावर होता. तज्ज्ञांच्या एका उपसमितीचा कागद सातवी-आठवी शिकलेल्या सेविकेच्या हाती निर्णयाचे साधन म्हणून पडावा, अशी उदाहरणे भारतीय वैद्यकाच्या इतिहासात फार नाहीत.

या वर्गीकरणाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. वयानुसार वजन या एकाच मापावरून मूल दीर्घकाळच्या उपासमारीने खुजे राहिले आहे, की अलीकडच्या आजारपणाने रोडावले आहे, हे कळत नाही. जन्मतारखेची नोंद नसलेल्या तांड्यांवर व वाड्यांवर वय अंदाजाने लिहिले जाई, आणि अंदाज दोन-तीन महिन्यांनी चुकला तरी श्रेणी बदले. शिवाय ८० टक्क्यांची मर्यादा सौम्य कुपोषण झाकून टाकते, हा आक्षेप होता व तो रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली वाढीची नवी मानके भारताने २००८ नंतर अंगणवाड्यांसाठी स्वीकारली व श्रेणींची जुनी पद्धत मागे पडली. पाच वर्षांवरील मुलांसाठी मात्र भारतीय मुलांच्याच मोजमापांवर आधारलेले तक्ते संघटनेने तयार केले. पुण्यातील वामन खाडिलकर व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेले ५ ते १८ वर्षे वयोगटाचे सुधारित तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कुपोषणाबरोबरच अतिस्थूलता ओळखण्याचीही सोय आहे.

पितळी भांडी व यकृत् रोग : संशोधनाची फलश्रुती खेड्यातील स्वयंपाकघरापर्यंत कशी जाते, याचे एक महाराष्ट्रातील उदाहरण उल्लेखनीय आहे. भारतीय बालकांतील यकृत् सूत्रण रोग हा जवळजवळ शंभर वर्षे वैद्यांना कोड्यात टाकणारा रोग होता. साधारणतः सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलाचे पोट फुगू लागे, यकृत हातास कठीण लागे, पुढे कावीळ व जलोदर होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. एकाच घरातील एकापाठोपाठ एक मुले या रोगाने गेल्याची उदाहरणे असल्याने तो आनुवंशिक असावा, असा तर्क होता. रुग्णांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले आढळे. ते तेथे कोठून येते, हा प्रश्न होता.

पुणे येथील के. ई. एम्‌. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने या मुलांच्या आहाराचा इतिहास तपासला. आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचे दूध लहान वयातच सुरू झालेले असणे आणि ते दूध तांब्याच्या वा पितळेच्या भांड्यात तापविले व ठेवले जाणे, या दोन गोष्टी रोगी मुलांत ठळकपणे आढळल्या. दुधातील केसीन या प्रथिनास तांबे चिकटते. त्यामुळे भांड्याची कल्हई उडालेली असल्यास दुधाबरोबर तांबे मुलाच्या पोटात जाते. हे निष्कर्ष १९८३ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात व नंतर अन्यत्र प्रसिद्ध झाले. पेनिसिलामाइन हे तांबे शरीराबाहेर काढणारे औषध रोगाच्या आरंभी दिल्यास मूल वाचू शकते, हेही याच गटाने दाखविले.

हे संशोधन संघटनेचे नव्हते, ते एका रुग्णालयाचे होते. परंतु मुंबईतील पी. एम्‌. उदानी यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी या रोगाचा अभ्यास आधीपासून चालविला होता. संघटनेचे मासिक व अधिवेशने यांमधून त्यावर वारंवार चर्चा होत असे. त्यामुळे भांडी बदलण्याचा व अंगावर पाजण्याचा सल्ला देशभरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यास मार्ग तयार होता. पुढील दहा-पंधरा वर्षांत हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. त्याचे सर्व श्रेय वैद्यकास देता येणार नाही. याच काळात स्टेनलेस पोलादाची स्वस्त भांडी घरोघर आली व पितळी पातेली माळ्यावर गेली.

स्तन्यपान व कंपन्यांचे अर्थसाहाय्य : पावडरच्या दुधाच्या जाहिरातींविरुद्धच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईतील बालरोगतज्ज्ञ आर. के. आनंद यांनी ग्राहक चळवळीच्या माध्यमातून हा प्रश्न लावून धरला. स्तन्यपानास उत्तेजन देणाऱ्या संस्थांचे अखिल भारतीय जाळे ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्धा येथे स्थापन झाले. १९९२ मध्ये अर्भकांचे पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार यांच्या विक्रीचे नियमन करणारा केंद्रीय कायदा संमत झाला. बालरोगतज्ज्ञांच्या परिषदांचा खर्च तोपर्यंत बऱ्याच अंशी याच उद्योगाकडून येत असे. दूध पावडरच्या कंपन्यांकडून अर्थसाहाय्य न घेण्याचा ठराव संघटनेने याच दशकात केला. २००३ च्या दुरुस्तीने वैद्यकीय संघटनांना असे साहाय्य देणे कायद्यानेच निषिद्ध ठरले. व्यावसायिक संघटना स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडते, ही घटना लहान नव्हे. लस उत्पादकांच्या बाबतीत मात्र अशी रेषा आखली गेलेली नाही, आणि नव्या महागड्या लसींची शिफारस करणारी संघटना त्यांच्या उत्पादकांपासून पुरेशी अलिप्त आहे काय, असा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकांतून विचारला गेला आहे.

लसीकरण : भारतात लसीकरणाची दोन वेळापत्रके आहेत. एक शासनाचे. १९७८ मध्ये विस्तारित व १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील लसी विनामूल्य मिळतात. दुसरे संघटनेच्या लसीकरणविषयक समितीचे. ते वेळोवेळी सुधारले जाते व खाजगी बालरोगतज्ज्ञ त्यानुसार लसी देतात. शासनास प्रत्येक लसीचा खर्च, पुरवठा व शीतसाखळी यांचा विचार करावा लागतो, तर संघटना समोरच्या एका मुलाचे हित पाहते. दोन वेळापत्रकांतील भेद यातून निर्माण झाला. कावीळ-ब प्रतिबंधक लस संघटनेने शासनाच्या कितीतरी आधी सुचविली; शासकीय कार्यक्रमात ती २०११ मध्ये देशभर आली. रोटाव्हायरसजन्य अतिसारावरील लस महाराष्ट्राच्या शासकीय कार्यक्रमात २०१९ मध्ये व न्यूमोकॉकस जंतूंवरील लस २०२१ मध्ये समाविष्ट झाली. नांदेड शहरातील सुस्थित कुटुंबातील मुलास या लसी त्यापूर्वी काही वर्षे मिळत होत्या. हिमायतनगरच्या शेतमजुराच्या मुलापुरता विचार केल्यास शासनाने ती पुरविली त्या दिवशीच ती लस अस्तित्वात आली. या दोन तारखांमधील अंतर कमी करण्यासाठी संघटनेने शासकीय सल्लागार समित्यांमधून केलेला पाठपुरावा हे तिच्या सार्वजनिक कार्याचे एक महत्त्वाचे अंग होय.

पोलिओ निर्मूलनात दोन्ही बाजू एकत्र आल्या. १९९५ पासूनच्या पल्स पोलिओ मोहिमांत खाजगी बालरोगतज्ज्ञांनी बूथवर काम केले आणि एखाद्या मुलास अचानक लुळेपणा आल्यास त्याची खबर देण्याची जबाबदारी घेतली. भारतातील अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम निघाली, तेव्हा शाळाशाळांतून पालकांच्या शंका दूर करण्यास हाच अनुभव उपयोगी पडला.

अतिसार व नवजात अर्भके : मुलांच्या अतिसारात शिरेवाटे द्रव देण्याऐवजी मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजावे, हे दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दाखवून दिले. महाराष्ट्रात हे द्रावण ‘जलसंजीवनी’ या नावाने परिचित आहे. उपाय इतका साधा, की खुद्द डॉक्टरांचाच त्यावर विश्वास बसणे कठीण गेले. प्रतिजैविके व जुलाब बांधणारी औषधे लिहून देण्याची सवय सुटण्यास वर्षे लागली. संघटना दर जुलैअखेरीस जलसंजीवनी सप्ताह पाळते, व २००३ च्या तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत जस्ताच्या गोळ्यांचाही समावेश झाला.

अतिसार, गोवर व धनुर्वात यांचे बळी घटत गेले, तसा बालमृत्यूंचा भार आयुष्याच्या पहिल्या महिन्याकडे सरकला. १९७१ मध्ये भारतातील अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ होता. २०२० मध्ये तो २८ व महाराष्ट्रात १६ होता. महाराष्ट्रातील या १६ पैकी ११ मृत्यू जन्मापासून २८ दिवसांच्या आतील होत. जन्मतः न रडणाऱ्या अर्भकाचा श्वास पहिल्या मिनिटात सुरू करणे, हे येथे निर्णायक ठरते. त्यासाठी संघटनेने २००९ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या सहकार्याने ‘पहिले सोनेरी मिनिट’ हा प्रशिक्षणक्रम सुरू केला. अर्भकास कोरडे करणे, ऊब देणे, श्वासमार्ग मोकळा करणे व पिशवी-मुखवट्याने हवा देणे एवढ्याच कृती प्रसूती करणारी परिचारिका एका दिवसात पुतळ्यावर शिकते. त्याच वर्षी केंद्र शासनानेही नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम हाती घेतला. एका दिवसाची ही शिकवण वरवर पाहता संघटनेच्या मोठ्या परिषदांपुढे फिकी वाटते. परंतु तज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी तिच्याइतके उपयोगी असे संघटनेने दुसरे फारसे काही दिलेले नाही.

मराठवाडा व हिमायतनगर : मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता व त्याचे प्रगत वैद्यकीय केंद्र हैदराबाद हेच होते. तेथे १९५३ मध्ये माता व बालकांसाठी निलोफर रुग्णालय सुरू झाले. मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद येथे १९५६ मध्ये निघाले. अंबेजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर सु. दोन दशकांनी, नांदेडचे शासकीय महाविद्यालय १९८८ मध्ये, तर लातूरचे शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. या महाविद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या बालरोगतज्ज्ञांमुळे नांदेड व लातूर येथे संघटनेच्या शाखा उभ्या राहिल्या. मासिक चर्चासभा, अवघड रुग्णांविषयी विचारविनिमय, परिचारिकांचे प्रशिक्षण असे शाखांच्या कामाचे सर्वसाधारण स्वरूप असते. जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने व्यवसाय करणाऱ्या तज्ज्ञास त्यातून मिळणारा आधार मोठा आहे. रात्री दोन वाजता अत्यवस्थ मूल समोर आले असता फोनवर सल्ला देणारा सहकारी त्याला येथेच भेटलेला असतो.

हिमायतनगर (जुने नाव वाढोणा) हे पैनगंगेच्या दक्षिणेस, यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेजवळ मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर वसले आहे. पूर्वी हदगाव तालुक्यात मोडणारे हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. नांदेड तेथून सडकेने ७० ते ८० किमी. आहे. कमी दिवसांच्या वा श्वास न घेणाऱ्या अर्भकाच्या दृष्टीने हे अंतर फार आहे. देशातील ग्रामीण भागाच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत बालरोगतज्ज्ञांची उणीव २०२१-२२ मध्ये आवश्यकतेच्या सु. ८० टक्के होती. म्हणजे अशा तालुक्यांतील अर्भकाचा पहिला रक्षक परिचारिका, व दुसरा रुग्णवाहिका. प्रवासात अर्भक थंड पडू न देणे, आईच्या उघड्या छातीशी धरून नेणे आणि पुढील रुग्णालयास आधी कळविणे, या तीन गोष्टी साध्या आहेत. त्या न झाल्यास उत्तम सुसज्ज कक्षात पोहोचलेले अर्भकही वाचविणे कठीण जाते.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ या काळात २४ तासांत २४ रुग्ण मृत्यू पावले. त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. ४८ तासांत मृतांची संख्या ३१ झाली व त्यांत १६ बालके होती. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला. रुग्णालय प्रशासनाने तो नाकारून बाहेरून अत्यवस्थ अवस्थेत आणल्या गेलेल्या रुग्णांकडे व रुग्णालयावरील ताणाकडे बोट दाखविले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. नांदेड, हिंगोली, परभणी व यवतमाळ या जिल्ह्यांबरोबरच तेलंगणाच्या सीमाभागातील रुग्णही या रुग्णालयात येतात. खाटा, परिचारिका व औषधांची खरेदी या बाबी शासनाच्या आहेत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेस त्यांवर अधिकार नाही. मात्र एका परिचारिकेमागे किती अर्भके असावीत, अतिदक्षता कक्षास कोणती किमान साधने हवीत, कोणते अर्भक केव्हा व कसे हलवावे, यांविषयीची मानके नवजात-वैद्यकाच्या तज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना (स्थापना १९८०) आणि ही अकादमी यांनी पूर्वीच तयार करून ठेवली आहेत, व शासनाच्या विशेष नवजात शिशू कक्षांसाठीही लेखी निकष आहेत.